भरपाई झाली, शिक्षा बाकी

म्युनिकच्या ट्रामथांब्यावर बर्फावरून घसरलेला एक उंच तरुण थेट सुलेखाच्या अंगावर आला. तिचा चष्मा उडाला आणि त्याच्याच बुटाखाली सापडला.

"अगं बाई!"

"एन्टशुल्डिगुंग... अहो, माफ करा, म्हणजे तुम्ही मराठी?"

"मराठी आहे, आणि आता आंधळीही!"

तो हसला, मग ओशाळला. श्रीरंग त्याचं नाव. इंजिनियरिंगची डॉक्टरेट करायला आलेला. नव्या चष्म्याचे पैसे त्याने लगेच भरले. पण "नंबर फार मोठा, वेळ लागेल," असं चष्मेवाल्याने म्हणताच सुलेखाने मनातल्या मनात दिवस मोजले. १९६८चा फेब्रुवारी होता. महिनाअखेरीला कायद्याच्या सेमिनारमध्ये तिला प्रोफेसरांपुढे बोलायचं होतं. ते फसलं की शिष्यवृत्ती गेली, आणि परतीचं जहाज. त्यात चष्म्याविना ट्राम म्हणजे नुसती घंटा आणि अंगावर येणारी सावली...

"मी वाचून दाखवीन ना," श्रीरंग म्हणाला. "घरीही सोडीन."

मग रोज ग्रंथालयात तो हलक्या आवाजात तिच्या विषयाचे, ऑस्ट्रेलियातल्या कोर्टांचे निकाल वाचायचा. रस्ता ओलांडताना ती त्याची बाही धरायची — आणि सोडायला दिवसेंदिवस उशीर करायची. या सवयीचीही तिला भीतीच वाटे. ज्याचा चेहरासुद्धा धड पाहिला नाही, त्याच्यावर कसला जीव जडवायचा?

"म्हणजे नुकसान भरून दिलं तरी वर दंड?" त्याने एकदा विचारलं.

"चुकून झालं असेल तर नाही. पण दुसऱ्याचा हक्क जाणूनबुजून, मुजोरीने तुडवला, तर तिथलं कोर्ट भरपाईच्या वर शिक्षा म्हणून आणखी वसूल करतं. इंग्लंडने हे बरंच आवळलं, ऑस्ट्रेलियाने ऐकलं नाही. इथल्या प्रोफेसरांना मात्र पटत नाही. शिक्षा फौजदारी कोर्टाने द्यावी म्हणतात."

"जाणूनबुजून..." तो पुटपुटला. पान उलटायचं राहूनच गेलं.

सेमिनार परवावर आला, तेव्हा ती एकटीच भिंती चाचपत चष्मेवाल्याकडे गेली.

"तो तर त्या तरुणाने गेल्या आठवड्यातच नेला, फ्रॉयलाइन."

ती तशीच ग्रंथालयाकडे निघाली. मग रोज "अजून नाही झाला" म्हणायचा, ते? या परक्या गावात आपण कोणाच्या भरवशावर रूळ ओलांडत होतो?

ग्रंथालयाच्या पायरीवर तिने हात पुढे केला. "द्या."

त्याने कोटाच्या खिशातून डबी काढली. "चष्मा आला की तुम्हाला माझी गरज उरणार नाही... भीती वाटली. रोज ठरवायचो, उद्या देईन. माझं प्रेम आहे तुमच्यावर, सुलेखा. पण हे चुकून झालेलं नाही."

तिने चष्मा लावला. तो पहिल्यांदाच नीट दिसला — घाबरलेला, डोळे भरलेले, कान थंडीने लाल. तिला राग आला होता, आणि प्रेमही होतं. दोन्ही आता लपण्यासारखं नव्हतं.

"परवा मी बोलेन. तुम्ही वाचलेला शब्द न् शब्द पाठ आहे माझा," ती म्हणाली. "बूट पडला त्याची भरपाई झाली. चष्मा खिशात ठेवलात, त्याची शिक्षा बाकी आहे. माझ्या वडिलांना, नानांना, पत्र लिहा. काय केलंत, का केलंत... आणि शेवटी, काय मागायचंय ते."

"लिहितो! आजच! नाना... करतात काय?"

"साताऱ्याला सेशन्स जज्ज आहेत."

श्रीरंगचा चेहरा पांढराफटक पडला. सुलेखाने तो नव्या चष्म्यातून अगदी निरखून पाहिला. मग, काहीच गरज नसताना, तिने त्याची बाही धरली.