वीतभर जवळ

"पंखा कुठाय?"

दार ढकलून आत आलेल्या माणसाने हे विचारलं, तेव्हा तिच्या हातात लांब चिमटा होता आणि चिमट्यात औषधाची बाटली. तिने बाटली आधी शिशाच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि मगच मान वर केली.

"तुम्ही कोण? दारावरची खूण दिसली नाही?"

"दिसली ना! पिवळ्यावर काळी तीन पाती. म्हटलं, पंख्याची खोली. बाहेर उकडून जीव चाललाय."

"तो पंखा नाही. किरणोत्साराची खूण आहे ती."

"अरे बापरे… म्हणजे आत आलं की माणूस मरतो?"

"आत आलं की ओरडा खातो. बाहेर व्हा!"

तो दोन पावलं मागे सरकला आणि हसला. "खाल्ला. पोट भरलं." आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा, दबका. शर्टाच्या कॉलरखाली ताज्या टाक्यांची लालसर रेघ. दार लागलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपणही हसतोय.

ती त्या रुग्णालयाची विकिरण सुरक्षा अधिकारी. किरणोत्सारी औषध आजाऱ्याला नेमकं मिळावं आणि इतर कुणाला त्याचा उगाच त्रास होऊ नये, हे पाहणं तिचं काम. आईच्या मते ही 'लोकांना लांब उभं करायची नोकरी' होती. "दिवसभर तेच करतेस," आई म्हणायची, "आणि घरी आलेल्या स्थळांनाही तेच."

दुसऱ्या दिवशी आयोडीनच्या खोलीत तोच पंखेवाला बसला होता. पोहायला शिकवायचा तो. गळ्यातली थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली, ती काढली, आणि तिचे उरलेसुरले कण जाळायला आता किरणोत्सारी आयोडीनची गोळी घ्यायची होती. ती गोळी पोटात गेली की काही दिवस माणसाच्या अंगातूनच किरण बाहेर पडतात, म्हणून ही वेगळी खोली. उशीला, फोनला, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक गुंडाळलेलं.

"एवढीशीच?" गोळी पाहून तो म्हणाला. "इतक्या तयारीवरून मला वाटलं, ट्रकमधून येणार."

"गिळा. आणि भरपूर पाणी प्या. जितकं प्याल, तितकं लवकर घरी."

"बाई, जन्म पाण्यात गेलाय माझा. पण बाहेरून. आतून कुणी सांगितलं नव्हतं."

मग रोज सकाळी ती किरण मोजायचा मीटर घेऊन यायची. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती, भिंतीपासून बरोबर एक मीटरवर. त्याने भिंतीला टेकून उभं राहायचं, तिने पट्टीवर. आकडा मर्यादेच्या खाली आला की सुट्टी. मोजायला मिनिटही लागत नसे. पण त्याचं बोलणं संपत नसे, आणि ती पट्टीवरून हलत नसे.

"काय म्हणतंय मीटर?"

"तुम्ही कमी बोलावं म्हणतंय. गळ्याला ताण पडतो."

"मीटर म्हणतंय की मीटरबाई?"

सिस्टर दारातूनच सुनवायच्या, "अहो पंखेवाले, ती आंबट गोळी तोंडात धरा. लाळेच्या ग्रंथी वाचतील, आणि आमचे कानही!"

एका गोष्टीवर मात्र तो हसत नसे. दादा. आई-वडील गेले तेव्हा हा शाळेत होता, दादाने वाढवला. दादा मालवाहू बोटीवर नोकरीला, आणि बुधवारी संध्याकाळी तो वर्षभरासाठी निघणार होता. खोलीत भेटायला कुणाला सोडत नसत.

"बुधवारी सकाळी सुटलो तर गाठेन त्याला," तो म्हणाला. "लांबून का होईना. मी धड उभा आहे एवढं त्याला दिसलं पाहिजे… नाहीतर बोटीवर झोपायचा नाही तो."

"पाणी प्या," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बुधवारी ती आली, तेव्हा तो आंघोळ करून, केस विंचरून भिंतीशी उभाच होता. आवाज त्या दिवशी फारच बसला होता.

"तुम्हाला पोहता येतं?"

"काय?"

ओठ हलले. तिला नीट ऐकू आलं नाही.

"पोहता… येतं का?"

"नाही. पाण्याची भीती वाटते."

"मग शिकवीन. आधी फक्त पाय सोडायला शिकायचं…"

"आणि बुडाले तर?"

तो काहीतरी पुटपुटला. तिने मान पुढे केली. खिडकीतून ऊन थेट त्याच्या चेहऱ्यावर येत होतं, आणि एका भुवईवरचा बारीक व्रण तिला प्रथमच दिसला.

"मी असेन ना," तो म्हणाला. "हाताच्या अंतरावर."

तिने चटकन मीटरकडे पाहिलं. आकडा मर्यादेच्या वर होता.

"अजून… जरा जास्त आहे. आज थांबावं लागेल."

त्याचं हसू विझलं. "पुन्हा मोजा ना. एकदाच."

तिने मोजलं नाही. घरी जायची घाई असलेले लोक नेहमीच पुन्हा मोजायला सांगतात. आकड्याशी घासाघीस करायची नाही, हा तिचा बाणा. तो तोंड फिरवून पलंगावर बसला. संध्याकाळी बोट गेली.

गुरुवारी तिची सुट्टी होती. शुक्रवारी कामावर आली, तर तंत्रज्ञ तात्या चहा ढवळत म्हणाले, "तुझा पंखेवाला गेला काल घरी. आकडा एकदम उतरला होता. मर्यादेच्या कितीतरी खाली!"

"किती?"

तात्यांनी आकडा सांगितला. शरीरातलं आयोडीन एका दिवसात इतकं ओसरत नाही. कितीही पाणी प्यायलं तरी नाही. म्हणजे बुधवारचा आकडाच चुकीचा.

तिने मीटर तपासला. चोख होता. मग ती रिकाम्या खोलीत गेली, पट्टीवर उभी राहिली आणि बुधवारसारखी मान पुढे केली. पावलं आपोआप पट्टीच्या आत गेली, हातातला मीटरही पुढे गेला. वीतभर. किरणांच्या बाबतीत वीतभर फार असतं. एवढ्या जवळून आकडा दीडपट दिसतो. पट्टीवर उभी राहिली असती तर बुधवारी सकाळीच तो सुटला असता.

ती सरळ विभागप्रमुखांकडे गेली.

"चूक मीटरची?" सरांनी विचारलं.

"माझी. पुढे झुकले होते."

"का?"

"पेशंटचं बोलणं ऐकू येत नव्हतं."

खरं होतं ते. अर्धं. सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "यापुढे दोघांनी मोजायचं, आणि महिनाभर तू मोजायचं नाहीस. त्याला मात्र तूच सांग. फोनवर नको."

शनिवारी ती त्याच्या घरी गेली. गावाच्या कडेला बुटकं घर होतं. तो व्हरांड्यात एकटाच बसला होता. अजून काही दिवस लोकांपासून जपूनच राहायचं होतं त्याला. ती फाटकाशी थांबली. तो काहीतरी म्हणाला, ऐकू आलं नाही. म्हणून तिलाच मोठ्याने बोलावं लागलं.

"बुधवारी मी चुकीचं मोजलं! तुम्ही सुटायला हवे होतात!"

शेजारच्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

"मी पट्टीच्या आत उभी होते! तुमच्या… जवळ!"

"का गं?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

तो उठला, पायऱ्या उतरून अंगणाच्या मध्यापर्यंत आला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"बोट सुटली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही दुसऱ्यांदा मोजलं असतंत तर…"

"हो."

"का नाही मोजलंत?"

"मी कधी चुकत नाही, असं वाटायचं मला. आणि… आकडा जास्त आला, तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. तुम्ही अजून एक दिवस असाल म्हणून. हे मी सरांना सांगितलेलं नाही."

वाऱ्याने दोरीवरची चादर फडफडली. बाई आता सरळ कुंपणाला टेकल्या होत्या.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"यायलाच हवा."

"तुमच्या शास्त्रात राग कसा जातो?"

"आयोडीनसारखाच असेल तर… ठरावीक काळाने अर्धा होतो. मग तेवढ्याच काळाने उरलेल्याचा अर्धा. मग त्याचा अर्धा."

"म्हणजे संपत नाही कधी?"

"मोजता येऊ नये, इतका कमी होतो."

तो काही बोलणार, तोच त्याच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर पाहून त्याने तो फाटकाजवळच्या बाकावर ठेवला, स्पीकर लावला आणि लांब झाला. तिला हाताने खुणावलं… बोला.

"हॅलो? छोट्या? खरंच बरा आहेस ना रे?" पलीकडे इंजिनाची घरघर होती.

ती बाकाजवळ गेली. "दादा… मी रुग्णालयातली. तो बरा आहे. बुधवारी तुमची भेट झाली नाही, ती माझ्यामुळे." मग तिने सगळं सांगितलं, पट्टीसकट.

"किती चुकलात?" दादाने विचारलं.

"वीतभर."

"आत्ता त्याच्यापाशी कोण आहे?"

तिने अंगणाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता.

"मी आहे."

"एकटा सोडून आलो म्हणून तीन रात्री डोळा लागला नाही हो माझा," दादा म्हणाला. "तुम्ही जरा थांबाल?"

"थांबते," ती म्हणाली. आणि बाकावर बसली.