आतल्या खोलीतले फोटो

साक्षी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होती. तयार झालेला भाग टेबलावर आला की त्यावर कुठे चीर आहे का, ओरखडा आहे का, ते बघायचं आणि निर्दोष असेल तरच पुढे सोडायचा, हे तिचं काम. कामात ती इतकी चोख की साहेबसुद्धा तिने परत पाठवलेल्या भागावरून वाद घालत नसत. "धातूला लाज नसते गं," ती राखीला म्हणायची, "म्हणून त्याचं बरं असतं."

राखी शेजारच्या टेबलावर बसायची आणि या बोलण्यामागचं दुखणं तिला ठाऊक होतं. साक्षीच्या अंगावर कोड होतं. मानेच्या मागून सुरू होऊन पाठभर, पोटावर आणि डाव्या मांडीवर. चेहरा आणि हात तेवढे सुटले होते. हे संसर्गजन्य नाही, यानं काही बिघडत नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तिने वाचलेलं होतं. तरीही सिडकोतल्या घरात ती न्हाणीचा दिवा मालवून आंघोळ करायची.

"दिवा लाव गं," आई, यशोदाबाई, बाहेरून ओरडायची. "आंघोळ करतेस का चोरी?"

चौतिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. रोहित मनमाडला रेल्वेत होता. दुसऱ्याच भेटीत तिने त्याला सगळं सांगून टाकलं होतं. त्याने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "बरं. मला घोरायची सवय आहे." त्यावर ती हसली होती. पण सांगणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. तारीख जवळ येऊ लागली तशी तिची झोप उडाली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती राखीला म्हणाली, "मी नाही म्हणून कळवणार आहे त्याला."

"का? त्याने काही म्हटलं?"

"त्याने कशाला म्हणायला हवं? माझी पाठ मीच अजून धडपणे बघितलेली नाही. माझ्याआधी त्याने का बघावी?"

राखीने बोट चाटून डबा बंद केला. मग म्हणाली, "मग तू आधी बघ. फोटो काढून घे. हल्ली बायका काढतात. बूद्वार म्हणतात त्याला. एका खोलीत, पलंगावर बसून, हवे तेवढे कपडे ठेवून. दुसऱ्या कुणासाठी नाही, आपल्यापुरते."

"आणि काढणार कोण? तू?"

"माझ्या फोटोत म्हैससुद्धा हलते. चांगला माणूस शोध."

चांगला माणूस शोधणं काही सोपं नव्हतं. कॉलेज रोडवरच्या एका झकपक स्टुडिओतल्या तरुणाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपल्या कामाचा नमुना म्हणून दुसऱ्या बायकांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. "यांनी हे दाखवायला हो म्हटलंय का?" साक्षीने विचारलं. "मॅडम, चेहरा कुठे दिसतोय?" तो म्हणाला. चेहरा नसला म्हणजे बाई नसते की काय, असं मनात म्हणत ती उठली.

गंगापूर रोडला एक बाई होती. शांत, समंजस. साक्षीने तिला कोडाचं सांगितलं तेव्हा तिने तिचा हात हातात घेतला. "अजिबात काळजी करू नका. सगळे डाग मी काढून टाकीन. कळणारसुद्धा नाही कुणाला." ती चांगल्या मनाने बोलली होती. पण जिना उतरताना साक्षीला वाटलं, मग त्या फोटोत राहणार कोण?

शोध तिथेच संपला असता. पण लग्नाच्या नोंदणीला फोटो हवे होते, आणि एका दुपारी दूध बाजारातून जाताना तिला एक जुनी पाटी दिसली. आत गल्ल्यावर पंचविशीची एक मुलगी बसली होती. नाव फलक. दुकान तिच्या आजोबांचं, हबीबचाचांचं. तिने साक्षीला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यातून बघितलं आणि थांबली. ओढणी सरकून मानेवरचा पांढरा डाग उघडा पडला होता.

"ताई, हे ठेवू की झाकू?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. साक्षीने ओढणी आणखी मागे सारली. "ठेव," ती म्हणाली. आणि मग, स्वतःलाच नवल वाटेल अशा धिटाईने, तिने फलकला सगळं सांगितलं.

फलकने ऐकून घेतलं. "आमच्याकडे त्यासाठी आतली खोली आहे," ती म्हणाली. "माझ्या दादीची, आजीची. तोंडात सदा पान, तिला सगळे बेगमच म्हणायचे. पडद्यातल्या बायका यायच्या, तर आजोबा बाहेर बसायचे आणि दादी आत न्यायची. ती कॅमेरा लावून द्यायची, बाईच्या हातात रबरी फुगा द्यायची आणि स्वतःही बाहेर यायची. कडी आतून. फुगा दाबला की फोटो निघतो. बघणारं कुणी नाही. रीळ आम्ही घरातच धुतो, फोटो आणि रीळ दोन्ही तुमच्या हातात. माझ्याकडे काही राहत नाही."

"दादी आहेत?"

"कोरोनात गेली. पण पद्धत तीच."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, साक्षी त्या खोलीत उभी होती. निळसर भिंती, दुधी काचेची मोठी खिडकी, स्वच्छ पांढऱ्या चादरीचा पलंग. खिडकीपाशी तिपाईवर जुना कॅमेरा, त्यातून निघून पलंगापर्यंत आलेली लांब नळी आणि तिच्या टोकाला फुगा. लांबून तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येत होता.

"एक लक्षात ठेवा," फलक म्हणाली. "दर फोटोनंतर उठून ही किल्ली फिरवायची. त्याशिवाय रीळ पुढे सरकत नाही. नाहीतर एकावर एक फोटो बसतील. मी दाराबाहेर आहे. हाक मारल्याशिवाय येणार नाही."

साक्षीने कडी लावली. आधी नुसतीच बसली, सगळ्या कपड्यांनिशी, अवघडून. फुगा दाबला. खट्. उठून किल्ली फिरवली. ओढणी काढली. खट्. पुन्हा उठली. मग हळूहळू, एकेक करत, तिने स्वतःला त्या उजेडात आणलं. अंगावर काटा आला होता. पुन्हा फुगा दाबला.

खट्.

त्यानंतर केव्हातरी भांडी ठोकायचा आवाज थांबला. खोलीत काताचा, वेलचीचा, नुकत्याच लावलेल्या पानाचा वास आला. शेजारच्या घरातून येत असेल, असं तिला वाटलं. हनुवटी जरा वर हवी, असंही वाटलं, आणि ती वर झालीच. खांदा सैल सोडावा असं वाटलं, आणि तो सुटला. ती दाबत होती आणि खट् होत होतं.

मग तिच्या लक्षात आलं, तो आवाज खिडकीकडून येत नव्हता.

तो जवळून येत होता. नंतर उजवीकडून. नंतर पाठीमागून.

तिने मागे वळून बघितलं नाही. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. अंगावर नजर पडली की ती कळते. पाठीलासुद्धा कळते. इथे तसं काहीच नव्हतं. लहानपणी तापात आई कपाळावर हात ठेवून बसायची, तेव्हा वाटायचं तसं काहीतरी होतं.

दारावर टकटक झाली. "ताई, बऱ्या आहात ना? असरची अजान झाली, पाच वाजत आले."

साक्षी दचकली. दुधी काचेवरचं ऊन पिवळं पडलं होतं. तिने घाईने कपडे केले, कडी काढली आणि कपाळावर हात मारला. "फलक, मी किल्ली फिरवायचीच विसरले गं! सुरुवातीला फिरवली, मग नुसती दाबतच बसले."

"फोनची सवय, दुसरं काय," फलक हसली. "सगळ्यांची खिचडी झाली असणार. असू दे, पुन्हा या." ती कॅमेऱ्यापाशी गेली आणि किल्लीला हात लावून थांबली. "रीळ तर संपलंय."

"मग फिरवली असेन मी."

"असेल," फलक म्हणाली. पण ती कॅमेऱ्याकडेच बघत राहिली.

फोटो घ्यायला साक्षी गेली तेव्हा फलकने बंद पाकीट पुढे केलं आणि नजर खाली घातली. "धुताना बघावं लागतं, ताई. माफ करा. एकदा आत येऊन बघा."

दोघी आतल्या खोलीत गेल्या. साक्षीने पाकीट उघडलं. पहिले काही फोटो खिडकीपासून काढलेले, ताठ, बावरलेले. त्यापुढचे जवळचे होते. खांदा. पोट. मांडीवर विसावलेला हात. आणि मग पाठ. पूर्ण पाठ, मानेपासून कमरेपर्यंत. पांडवलेण्याच्या डोंगरावरून ढग सरकताना मधेमधे ऊन पडतं, तशी ती पाठ दिसत होती. एकही डाग झाकलेला नव्हता.

"हे मागून काढलेत," साक्षी हळूच म्हणाली.

फलकने तिपाईच्या पायाशी बोट दाखवलं. तिन्ही पाय मोठ्या स्क्रूंनी फरशीत पक्के बसवलेले होते. गंज चढून फरशीशी एकजीव झालेले. साक्षी खाली बसली आणि तिने तिन्ही पाय हाताने हलवून बघितले. ते हलले नाहीत. कडी बघितली. खिडकीचे गज बघितले. पलंगामागे नुसती भिंत होती.

"तुझं कुणी आत आलं होतं?"

"कडी तुम्हीच लावली होती ना, ताई. मी दाराला पाठ टेकून बसले होते." फलकचा आवाज बारीक झाला. "याआधी असं कधी झालं नाही."

साक्षीला रडू यायला हवं होतं. पण तिला सपाटून भूक लागली. दूध बाजारात उभ्यानेच तिने दोन सामोसे खाल्ले आणि घरी जाऊन, दार लावून, ते फोटो पुन्हा पुन्हा बघितले. ते ज्या कुणी काढले, त्याचे उपकार कसे फेडावे, हे तिला कळेना. तिने मनोमन हात जोडले. एवढाच एक काटा राहिला, की त्या दुपारी कुणीतरी आपल्याला बघितलं होतं. आपल्याआधी. सगळं.

रविवारी रोहित मनमाडहून आला. यशोदाबाई आत भजी तळत होत्या. साक्षीने पाकीट त्याच्या हातात दिलं आणि समोर बसली. त्याला जवळचं बघायचं तर चष्मा काढावा लागे. त्याने तो काढून ठेवला आणि एकेक फोटो नाकाशी धरून बघायला लागला.

"बोल ना काहीतरी," ती शेवटी म्हणाली.

"थांब गं. बघतोय अजून." तो सावकाश बघत होता. मग पाठीचा फोटो हातात ठेवून म्हणाला, "लग्न झाल्यावर हा आपल्या कपाटात ठेवायचा. कुलपात नाही, कपड्यांच्या वरच. रोज दिसायला हवा."

साक्षीचा श्वास, महिनाभर कुठेतरी अडकून पडलेला, सुटला.

"कुणी काढले हे?"

"मीच."

"सोड. तू काढलेल्या फोटोत माझं अर्धं डोकं नसतं." तो हसला. "ज्याने काढले त्याला पत्रिका द्यायला पाहिजे."

शेवटचा फोटो चेहऱ्याचा होता. अगदी जवळून काढलेला, हनुवटी किंचित वर, डोळे शांत. रोहितने तो उजेडाला धरला. हसू थांबलं. त्याने फोटो आणखी जवळ घेतला.

"तुझ्या डोळ्यांत कुणीतरी आहे."

"खिडकी असेल."

"खिडकी आहेच. खिडकीपुढे एक म्हातारी उभी आहे. डोक्यावरून ओढणी घेतलीय."

साक्षीने फोटो घेतला. खिडकीपाशी गेली. काळ्या बुबुळात खिडकीचा इवलासा उजळ चौकोन होता, आणि त्याच्यापुढे कुणीतरी, जरासं वाकलेलं. दुसऱ्या डोळ्यातही तेच. त्या म्हातारीच्या हातात कॅमेरा नव्हता. तो असणं शक्यच नव्हतं.

तिने दोन्ही हातांनी आपले डोळे घट्ट झाकून घेतले होते.