बाटलीतली चिंधी

ये टेम्वा, बस इकडे. कंदील जरा आत सरकव, वारा आहे. उद्या परदेशातून नर्सबाई शिकवायला येणार म्हणून शर्टाला इस्त्री केलीस म्हणे? कोळशाच्या इस्त्रीने बाही जाळून घेतली नाहीस, एवढं नशीब. आणि तू हसू नकोस गं तावोंगा. बाईंचं आपल्याला आणि आपलं बाईंना सांगायचं काम याच्याकडे आहे. घाम त्याला फुटणार आहे.

म्हणूनच आज सांगतो. ऐकीव नाही, माझ्या दोस्ताबाबत घडलेलं आहे. लुसुंगु त्याचं नाव. आपल्यासारखाच गावोगाव फिरून एचआयव्हीच्या पेशंटना बघायचा.

२०१४ सालचा जुलै, तारीख सतरा, वार गुरुवार. ऐन हिवाळा, थंडी मी म्हणत होती. रात्री नऊच्या सुमाराला निरोप आला की कामझिलोला एक बाई घरीच बाळंत झाली. बाई एचआयव्हीच्या गोळ्यांवरची. बाळाला उजाडायच्या आत औषध पाजायला हवं. लुसुंगुने मक्याच्या न्सीमाचा घास टाकला, औषधाची बाटली कागदी खोक्यात ठेवली, खोकं पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवली आणि सायकल काढली. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. चंद्र उगवायला तासभर अवकाश होता.

बाटलीत पातळ औषध होतं, गोळ्या नव्हत्या. हे लक्षात ठेवा.

आता त्याच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. ते सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो.

आदल्या वर्षीच्या ऑगस्टात हानेके सिस्टर आल्या होत्या, हॉलंडहून. सहा आठवड्यांसाठी, स्वतःची रजा घालवून. सोन्यासारखी बाई. आमच्याबरोबर खाली चटईवर बसायची, वाळकी मासळी काट्यासकट खायची. हात कसे धुवायचे, पेशंटच्या गोळ्या कशा मोजायच्या, चुकल्या असतील तर न रागावता कसं विचारायचं, सगळं तिने शिकवलं, आणि तिचं इंग्रजी आम्हाला आपल्या भाषेत सांगायचं काम लुसुंगुकडे होतं. एका बुधवारी आम्हा बाराजणांना मोजणी दाखवायला तिने एका पेशंटला पुढे बोलावलं. तोवेरा. चोवीस वर्षांची पोर, नवरा खाणीवर, घरात सासू. सासूला आजाराचं ठाऊक नव्हतं.

सिस्टरनी बाटली उघडली. आत चिंधी कोंबलेली. लाल-पिवळ्या चितेंजेची पट्टी, स्वतःच्या नेसत्या कापडातून फाडलेली. सिस्टरनी चिमटीत धरून बाहेर काढली. "ही ओली आहे, याने गोळ्या खराब होतात," म्हणाल्या आणि टाकली कचऱ्यात. खोटं नव्हत्या सांगत. घामाने ओलसर होतीच ती.

तोवेरा गुडघ्यांवर बसली होती. वर न बघता लुसुंगुला म्हणाली, "भाऊ, त्यांना सांगा ना, ती चिंधी मला परत हवी. ती नसली तर बाटली वाजते."

एवढंच. आपल्यात कोण असं आहे ज्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागेल?

लुसुंगुला समजला. पण पाहुणीला बारा लोकांसमोर चूक म्हणायचं? आणि सिस्टर त्याला राजधानीत, लिलोंग्वेला शिकायला जाण्यासाठी शिफारसपत्र देणार होत्या. तो हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "ती म्हणते, सिस्टर, तुमचे फार आभार."

सिस्टर लाजल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

हो, आम्ही. तोवेरा आपल्या तुंबुका भाषेत बोलली होती. त्या खोलीत ते कळलं नाही असं एकच माणूस होतं, हॉलंडची बाई. बाकी आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पहिली टाळी माझी होती.

तोवेरा मालवाहू गाडीच्या मागे बसून घरी गेली. रस्ता कसला आहे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला बाटली वाजत गेली. गाडीत गावातल्या सहा बायका, तो आवाज कसल्या गोळ्यांचा ते ओळखणाऱ्या. घरी पोचायच्या आधी सासूला कळलं होतं. तिचा सख्खा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. आम्ही भेटायला गेलो तर ती दार उघडेना. गोळ्या सुटल्या. जूनमध्ये गेली. लुसुंगुला शिफारसपत्र मिळालं, ते त्याने चौकट करून भिंतीवर लावलं.

तर तो गुरुवार. कामझिलोच्या वाटेवर तोवेराच्या माहेरच्या कबरस्तानाची राई लागते, तिथेच तिला पुरलेलं.

राई अजून लांब होती तेव्हाच त्याला आवाज आला. खुळ... खुळ... पायडल मारलं की खुळ. त्याला वाटलं, सायकलचा नट ढिला झाला. उतरला, चाचपलं. सगळं घट्ट होतं. पिशवी हलवून बघितली. पातळ औषध कसं वाजेल?

चालत निघाला. खुळ... खुळ...

थांबला. आवाज थांबला.

निघाला. आता आवाज सायकलीतून नव्हता, पुढून होता.

राईजवळ रस्त्याच्या कडेला एक बाई बसलेली दिसली. गुडघे टेकून, मान खाली. आपल्या बायका मोठ्यांना भेटल्यावर बसतात तशी. त्याच्या तोंडून सवयीने नमस्कार निघाला, "मोनिरे."

बाईने मान वर केली नाही.

मग बोलली. "भाऊ... त्यांना सांगा ना..."

रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांना म्हणजे कुणाला? लुसुंगुने तोंड उघडलं... आणि पोरांनो, तेव्हाही त्याला बोलता आलं नाही. मेलेलं माणूस समोर बसलंय, आणि मनात काय, तर बारा लोक बघताहेत.

बाई तशीच.

तो तसाच.

खुळ...

"भाऊ... त्यांना सांगा ना..."

मग तो ओरडला. इंग्रजीत. राईकडे तोंड करून, रिकाम्या अंधाराला. "सिस्टर, ती म्हणते, ती चिंधी तिला परत हवी! नाहीतर बाटली वाजते! लोकांना कळतं! मी तुम्हाला खोटं सांगितलं!"

...

आवाज बंद.

बाई नव्हती.

तो सायकल ढकलत कामझिलोला पोचला. बाळाच्या आजीने दिवा धरला. याने सायकल भिंतीला टेकवली तोवर खोकं तिनेच उघडलं. औषध नीट होतं. बाळाला पाजलं. बाळ आज अकरा वर्षांचं आहे, परवा शाळेच्या मैदानात मारामारी करताना बघितलं मी त्याला. पण बाटलीला काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. आजी म्हणाली, "बरं केलंस हो, वाजू नये म्हणून बांधलीस."

लाल-पिवळी पट्टी.

लुसुंगु पहाटे परत आला तो सरळ माझ्याकडे. पट्टी माझ्या हातावर ठेवली आणि ओटीवर बसून लहान पोरासारखा रडला. घरी जाऊन त्याने भिंतीवरची चौकट उतरवली. सिस्टरना पत्र लिहून सगळं कळवलं. नंतर तो हे काम सोडून मामाकडे तळ्यावर मासेमारीला गेला. मी राहिलो.

आता माझं ऐका. त्या ऑगस्टातल्या बुधवारी कचरा जाळायची पाळी माझी होती. खड्ड्यात टाकून, रॉकेल ओतून मीच पेटवलं. ती पट्टी राख होईपर्यंत मी तिथे उभा होतो, कारण नजर हटत नव्हती.

ही बघा. खिशातच असते. कंदिलापाशी धर टेम्वा, कडा बघ. कुठे करपली आहे का?

उद्या बाई काही बोलतील, समोरची पेशंट काही बोलेल, तेव्हा तुला ही आठवावी एवढंच.

काय झालं? हात का झटकलास? ... मोठ्याने बोल, सगळ्यांना ऐकू दे.

हो. ओली आहे. अकरा वर्षं झाली, वाळत नाही.