चंद्रावरच्या आईसाठी हरभरा

माती ओली आणि रोपं तहानलेली, असं कधी होतं का? शर्वाणीच्या वाफ्यात नेमकं तेच झालं होतं. ती पाणी घालायला चुकत नव्हती, तरी तिच्या हरभऱ्याने माना टाकल्या होत्या. बांधापलीकडे शेजाऱ्यांचा हरभरा मात्र मजेत डोलत होता.

शर्वाणीची आई चंद्रावरच्या तळावर इंजिनिअर होती. निघताना ती म्हणाली होती, "तू लावलेल्या हरभऱ्याची भज्जी खायला येळवशीला येईन बघ." लातूरकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं गाव शेतात जेवतं. त्या जेवणात हिरवे दाणे आणि पालेभाज्या बेसन लावून शिजवलेली भज्जी हवीच. आई आपली सहज बोलून गेली, पण पोरीने खूणगाठ बांधली: हरभरा आला तर आई येणार, नाहीतर नाही. आईची आठवण आली की ती वाफ्याकडे पळायची, रोपांची मनधरणी करायची, कधी त्यांच्यावर चिडायचीसुद्धा.

शेवटी ती आबांकडे गेली. आबा म्हणजे तिचे आजोबा, मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे). त्यांनी घुशाला जमिनीत सोडलं. घुशा हा त्यांचा नारळाएवढा यंत्रमानव. माती उकरत आत शिरायचा आणि तिथलं चित्र पडद्यावर पाठवायचा. भारी आगाऊ! पाणी भरपूर आहे, मुळांच्याच तोंडाला बूच बसलंय, असं त्याने आतूनच कळवून टाकलं.

पडद्यावर मुळांना चिकटलेले चंदेरी-काळे कण दिसत होते. आबांनी सांगितलं, पूर्वी बांधाच्या अलीकडे, इथेच खरबुजं व्हायची. तण उगवू नये, ओल टिकावी म्हणून वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरायचे. नाव पेपर, पण असायचं प्लास्टिक. हंगाम संपला की ते वेचायचा कंटाळा, म्हणून लोक त्यावरूनच माती उलथून बारीक करणारा रोटाव्हेटर फिरवायचे. चिंध्या मातीत गेल्या, उन्हाने ठिसूळ झाल्या, तुटत तुटत त्यांचं सूक्ष्मप्लास्टिक झालं (प्लास्टिकचे बारीक कण, काही तर डोळ्यांना न दिसणारे).

मूळ पाणी पितं ते मुख्यतः मूलरोमांनी (मुळांवरच्या केसांसारख्या तंतूंनी). त्यांच्यावर कणांचा थर बसला की पाण्याची वाट अडते. शिवाय मातीच्या बारीक ढेकळांमध्ये हवेला आणि पाण्याला जागा असते, तीही घडी विस्कटते. बिचारी गांडुळं मातीबरोबर तेच गिळतात आणि रोडावतात.

"मग काढा ना ते सगळं," शर्वाणी रडकुंडीला आली.

आबांनी खोटा धीर दिला नाही. मोठ्या चिंध्या वेचता येतील, बारीक कण काढणं अजून कुणाला नीट साधलेलं नाही. आता प्लास्टिक बंद, त्याऐवजी उसाचं पाचट अंथरायचं, शेणखत घालायचं, गांडुळं सोडायची. माती सावरते, पण तिच्या वेळेने. या येळवशीला काही ती सावरणार नव्हती.

संध्याकाळी आई पडद्यावर आली. शर्वाणीने डोळे पुसत सांगून टाकलं, "हरभरा गेला गं. आता तू येणार नाहीस ना?"

चंद्रापर्यंत आवाज जाऊन उत्तर परत यायला दोन-तीन सेकंद लागतात. शर्वाणीला ते संपता संपेनात.

"अगं वेडे, हरभऱ्यासाठी कोण येतंय? तुझ्यासाठी जीव तुटतो माझा. यानात जागा कधीच पक्की केलीय मी. आल्यावर दोघी मिळून चिंध्या वेचू."

सकाळी शर्वाणी टोपली घेऊन वाफ्यात उतरली. आबांनी पाचटाचा भारा आणला. दुपारपर्यंत तिने जवळजवळ सगळा वाफा वेचला. शेवटच्या ओळीला मात्र तिने हात लावला नाही, आबांनाही लावू दिला नाही. ती ओळ आईची होती.