सत्ताविसावा पंच

ज्या दुकानात जायचं ते बंद होतं, म्हणून मालविका समोरच्या दुकानात शिरली. नांदेडात तेव्हा एवढ्याशा कारणानंही आयुष्य बदलायचं.

तिच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोखंडी अँगल होता. काउंटरमागचा तरुण आधी अँगलकडे बघत राहिला, मग तिच्याकडे… आणि तिथंच राहिला.

"छपराचा आहे," ती म्हणाली. "लातूरहून आलेय. भूकंपातल्या गावांसाठी आम्ही सांगाडे करतो. खडूनं नंबर टाकले की रस्त्यात पुसतात, मग एकाचं छप्पर दुसऱ्याच्या भिंतीवर जातं. ठोकायचे पंच हवेत. अक्षरांचे."

"तीन मिलिमीटर घेतले तर रंगाखाली बुजतील. दहाचे घेतले तर पत्रा लई दबंल. सहाचे न्या, मॅडम." त्यानं लाकडी पेटी उघडली. तेलाचा मंद वास दरवळला. "घेण्याआधी मारून बघायचं. रिवाज हाय दुकानाचा."

त्यानं पट्टीचा तुकडा ठेवला. रिवाजाप्रमाणं गिऱ्हाईक स्वतःचंच अक्षर मारतं. तिनं M उचलला.

"सरळ धरा. एकच घाव. दुसरा मारला की अक्षराला सावली पडती."

तो इतका जवळून सांगत होता, की तिनं दोन मारले.

"पडली," ती पुटपुटली.

"पडू द्या की…" तो म्हणाला, आणि उगाचच पेटी पुसू लागला. पावतीवर त्यानं सही केली – राघवेंद्र. ती पावती वर्कशॉपच्या मालकांना द्यायची होती; मालविकानं ती दुकानातच दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बसमध्ये.

वर्कशॉपात पेटी उघडली तर A ते Z सव्वीस जागच्या जागी; सत्ताविसावा खण रिकामा. तिथं & असतो, 'आणि'चा. मालक म्हणाले, "छपरावर 'आणि' कशाला लागतंय? राहू दे."

घरी वडिलांना, दत्तोपंतांना, दुसराच ध्यास. निवृत्त मास्तर. रविवारी पाहुणे येणार होते. मुलगा रसायनशास्त्राच्या तीन बॅचेस घेणारा. लातुरात त्या वर्षी घरं जितक्या वेगानं उभी राहत होती, त्याहून वेगानं क्लासेस. "दोन बॅचेस फुल आहेत, मालू," ते म्हणाले. जणू बॅचेसशीच लग्न होतं.

रविवारी 'हो' म्हटलं की संपलं, हे तिला ठाऊक होतं. कामावर M मारताना मात्र हात अडखळायचा. कानात हलका आवाज – पडू द्या की… स्वप्नात बाभळीच्या सावल्या, नदीवरची झुळूक आणि एक रिकामा खण.

शनिवारी तिनं चार तासांची एसटी पकडली.

"माल अपुरा दिलात," तिनं काउंटरवर पेटी आपटली. "हे काय करून राहिलात?"

राघवेंद्रनं शर्टाच्या खिशातून & काढला. खिशातच होता. चार दिवस.

"हरवला नव्हता?"

"न्हाई. काढून ठेवला होता."

"का?"

"तुम्ही परत याल म्हणून…" तो जमिनीशी बोलत होता. "वडील म्हणत्यात, गिऱ्हाइकाला अपुरा माल देणं पाप हाय. पन पाच पंच कमी केले असते तर तुमचे मालकच आले असते. म्हणून हा एकच. कुनालाच लागत न्हाई असा."

गल्ल्याशेजारी तिची जुनी पट्टी होती. सावलीवाला M. थोड्या अंतरावर, नवाकोरा R. मध्ये बोटभर जागा मोकळी.

"उद्या मला बघायला येतायत," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "मग ती पट्टी… ठेवून देतो आत."

"थांबा."

तिनं & धरला, सरळ. हातोडा उचलला. या वेळी हात हलला नाही. ठण्ण! एकच घाव. बाजारात कोणी मान वर केली नाही. राघवेंद्र मात्र पट्टीवर वाकला.

"फोन आहे?" तिनं विचारलं.

"हाव."

"बाबा, उद्याचे पोहे करू नका. मी… इथं ठरवलंय." मग मास्तर लातूरला शोभेल असं म्हणाले, "बारावीला किती होते त्याला?"

तिनं रिसीव्हरवर हात ठेवला. राघवेंद्रनं कान धरले. "पंचेचाळीस टक्के…"

"बाबा," मालविका म्हणाली, "पहिल्याच घावात पास झालेत."