परतल्याची वेळ

आमच्याकडे युटात प्रत्येक घळीच्या तोंडाशी एक पत्र्याची पेटी असते. आत वही, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. उतरताना नाव, माणसं किती आणि वेळ लिहायची. वर आलं की शेवटच्या रकान्यात परतल्याची वेळ. ती नसली तर दुसऱ्या दिवशी शोधायला माणसं निघतात. साधी गोष्ट, आणि व्हर्ल नेमकी तीच विसरायचा.

वीस वर्षं आम्ही दोघं भागीदारीत पर्यटकांना घळीत नेत होतो.

"लग्नाची तारीख विसरलास तरी चालेल," मी म्हणायचे, "पण हे लिहीत जा. किती वर्षं तुझी कारकुनी करू?"

"माझं अक्षर माझ्यापेक्षा तुला चांगलं येतं, नेटा."

खरं होतं ते. जर्मनीत सैन्यात असताना सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ मारायची सवय त्याला लागली होती. तीही मला जमायची.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तो एकटाच उतरला. दुपारी मी पेटीपाशी पोचले तेव्हा त्याची गाडी नव्हती. विसरला पुन्हा, म्हणून मी हसत त्याच्याच अक्षरात लिहून टाकलं: तीन वीस. गाडी त्याच्या मेव्हण्याने टायर बदलायला नेली होती, हे मला कसं ठाऊक असणार? मेव्हणा संध्याकाळी गाडी घेऊन आला, वही वाचली, आणि व्हर्ल दुसऱ्या कुणाबरोबर गेला असं समजून परतला. घळीत कुणी शोधलंच नाही. तिसऱ्या दिवशी पूर आला.

"वर आला, वेळ लिहिली आणि घरी नाही आला," त्याची बायको लारू म्हणाली. "म्हणजे गेला नेवाडातल्या त्या बाईकडे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. आधी भीती वाटली, मग लाज. मग दिवसच इतके गेले की तोंड उघडायला जागा राहिली नाही.

पुढच्या ऑक्टोबरात वही उघडली तर पहिल्याच ओळीत व्हर्लचं नाव. माणसं एक, आत सात दहा, सातला आडवी रेघ. शेवटचा रकाना कोरा. कुणाची तरी थट्टा, म्हटलं. पण हे अक्षर गावात फक्त मला येतं, आणि मी लिहिलेलं नव्हतं. निदान तसं आठवत तरी नाही. तेव्हापासून दर वर्षी ते पान मी फाडून आणते. पाच पानं आहेत, पिठाच्या डब्याखाली.

यंदा माझी गाडी बंद पडली म्हणून लारूने सोडलं.

"दर वर्षी काय गं शोधतेस तिथे?"

"गुडघे अजून चालतात का, ते बघते."

"मी अजून त्याचं ताट मांडते, माहितीये? आला की तोंडावर फेकायला."

"लारू, तुला एक सांगायचंय."

"मग सांग ना."

गाडी पेटीपाशी आली होती. "वर आल्यावर. चारला ये."

वहीत ओळ होतीच. या वेळी पान फाडलं नाही. तिला दाखवायचं होतं. खाली माझं नाव लिहिलं. माणसं एक, आत सात तीस.

घळीतल्या डोहाशी बसून तिला सांगायचं ते मोठ्याने म्हणून पाहिलं, तीन वेळा. त्या भिंतींमध्ये आवाज नेहमी परत येतो. तिसऱ्या वेळी आला नाही.

परतताना वाळूत माझ्या सकाळच्या पावलांचे ठसे दिसले. सगळे बाहेरच्या दिशेने जाणारे होते.

चारला मी शेवटच्या चढाखाली होते. वर गाडी थांबली. पेटीचं झाकण वाजलं.

"लारू," मी हाक मारली.

ती कड्याशी आली. खाली पाहिलं, अगदी माझ्याकडे.

"वेळ लिहून गेली पण," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणे सांगायचंय."

गाडीचा आवाज लांब गेला.

मी वर चढले, वही उघडली. माझ्या नावापुढे शेवटच्या रकान्यात तीन वीस. अक्षर माझंच, हुबेहूब.

वरची ओळ पाहिली. शेवटचा रकाना अजून कोरा होता. पण सकाळी व्हर्लच्या नावापुढे माणसं एक होती.

आता दोन.