चुकलेलं बोट

साहेब, त्याला दारुडा तुम्ही केलंत. उभ्या जन्मात थेंब न शिवलेल्या माणसाला!

यंदाचाच, २००३चा द्राक्षाचा हंगाम. सायखेड्याजवळचं तुमचं पॅकिंग शेड. पेठकडून कामाला आलेला सहादू क्रेट घेऊन वळला, झोकांडी गेली आणि द्राक्षं निवडत असलेल्या माझ्या अंगावर अख्खा. पायाशी द्राक्षांचा सडा.

"पिऊन आलाय का रं?" मी ओरडले.

"वास घे की!"

घेतला. भर शेडात, त्याच्या तोंडाशी वाकून. भाजक्या शेंगांचा वास... आणि डोळे असे, की मागं सरायचंच विसरले.

"आता काय, मुक्काम करती का?" तो हसला.

तुम्ही मात्र माझं ओरडणंच तेवढं ऐकलंत. सांजच्याला शेडाबाहेरच्या फळ्यावर त्याचं नाव — 'दारू पिऊन कामावर. काढून टाकले.'

न पिताच झोकांड्या का जातात, म्हणून मीच त्याला नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी त्यांचं बोट, मग स्वतःचं नाक शिवायला लावलं. मग म्हणाल्या, "डोक्यात मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. त्यात पेशींचे वेगवेगळे गट. बारीक पेशी हातापायाची खबर आणतात. मोठ्या पेशी ती ऐकून आवर घालतात. मग आतल्या पेशींकडून नेमका हुकूम सुटतो. याच्या मोठ्या पेशी मरत चालल्यात. हात निघतो, पण वेळेवर थांबत नाही."

"बरा होईल?"

"नाही."

स्टँडवर बसची वाट बघताना मी माझं बोट त्याच्यापुढं धरलं. "शिव."

त्याचं बोट निघालं. जवळ येता येता थरथरलं... आणि माझ्या गालाला लागलं.

"चुकलं..."

"मग काढ ना."

काढलं नाही त्यानं. बोट तसंच ठेवून म्हणाला, "सरिता, उद्या मला घासबी तोंडात घालता येणार नाय. माझ्या मागं लागू नको."

"मागं कोण लागतंय? शेजारी चालते. पडलास तर माझ्याच अंगावर पड!"

माझ्या वडलांना, आबांना, डॉक्टरांचा कागद दाखवला. म्हणाले, "फळ्यावरचं गावानं वाचलंय. दारुड्याला पोरगी द्यायची नाय." तुमच्याकडं तीन चकरा मारल्या. तुम्ही बाहेरच आला नाहीत, म्हणून आज इथं गाठलं. मी ओरडले ही माझी चूक, चार माणसांत कबूल करते. पण मी नुसतं विचारलं होतं. तुम्ही न तपासता लिहिलंत!

येत्या रविवारी आम्ही लग्न करतोय, आबा येवोत न येवोत. त्याचा हार माझ्या गळ्यात धड पडायचा नाही, मी मान पुढं करीन. पण मांडव हसेल — नवरदेव ढोसून उभाय म्हणेल. तेव्हा सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगाल का साहेब? हो की नाही, एवढंच बोला!